नवव्या गाण्याचं शेपूट

नाव: ओळखपत्राप्रमाणे नोंदवून घेतले, कामाच्या ठिकाणी सगळे 'कात्री' म्हणतात. वय: ५२ वर्षे. व्यवसाय: ध्वनिमुद्रक. राहणार: स्टुडिओच्याच गल्लीत, शिंप्याच्या दुकानावर, दुसरा मजला.

समक्ष विचारल्यावरून सांगतो की, छापखान्याखालच्या तळघरातल्या स्टुडिओत मी एकोणीस वर्षं गाणी रेकॉर्ड करतो. गाण्याच्या पुढचामागचा रिकामा भाग मी लगेच छाटून टाकतो, त्यावरून ते नाव पडलं. आमच्या मालकांनी कॉम्प्युटरची डिस्क चोरीला गेल्याची तक्रार दिली आहे. त्याबद्दल माझ्या माहितीतलं सांगतो.

तक्रार जिच्यावर आहे ती गायिका दिवसा चष्म्याच्या दुकानात लोकांचे नंबर तपासते. गाणी स्वतः लिहिते, स्वतः चाली लावते. हा तिचा पहिलाच अल्बम, दहा गाण्यांचा. ड्रम, बेस, इलेक्ट्रिक गिटार, सगळं दणक्यात. पण शब्द ऐकले की माणूस खाली बघायला लागतो. एका गाण्यात नवरा सोडून गेल्याचं आहे, आणि तो का गेला यात तिची चूक किती, तेही आहे. मी म्हटलं, ''ताई, लोक नावं ठेवतील.'' ती म्हणाली, ''ठेवू देत की काका. मी काही कमी ठेवलीत का स्वतःला?''

हवालदारसाहेबांनी मुद्द्याचं बोला असं सांगितल्यावरून पुढे सांगतो की, नववं गाणं तिच्या वडिलांवर आहे. वडिलांनी तिची पहिली गिटार भंगारात दिली होती. त्यानंतर ती गायला लागली की ते दार लावून घ्यायचे. हे गाणं तिला रेकॉर्डिंगच्या काचेच्या खोलीत म्हणता येईना. तीनदा मधेच थांबली. शेवटी मीच स्टुडिओतला छोटा रेकॉर्डर तिला दिला आणि घरी म्हणून आणा म्हटलं. वडील तेव्हा अंथरुणाला खिळलेले होते.

तिने रविवारी दुपारी ते म्हटलं आणि सोमवारी सकाळी दहा वाजता रेकॉर्डर परत दिला. ''शेवट तसाच ठेवा,'' म्हणाली. मला वाटलं, शेवटची तार विरेपर्यंत ठेवा म्हणतेय. मी गाणं कॉम्प्युटरवर घेतलं, तार विरली तिथे छाटलं, छाटलेलं टाकून दिलं आणि रेकॉर्डरमधलं कार्ड पुसलं. पंधरा मिनिटांत सगळं उरकलं. छाटलेलं मी ऐकत नाही. एकोणीस वर्षांत कधी ऐकलं नाही. मंगळवारी त्याच कार्डावर टायरच्या दुकानाची जाहिरात घेतली.

त्यानंतर अकराव्या दिवशी वडील वारले.

महिन्याभराने ती अल्बम शेवटचा ऐकायला आली. नववं संपलं तरी हेडफोन कानाला धरून बसून राहिली. मग म्हणाली, ''पुढे?'' मी म्हटलं, ''पुढे काय? संपलं.'' तेव्हा तिने सांगितलं की गाणं संपल्यावर पलीकडच्या खोलीतून वडील म्हणाले होते, ''परत म्हण.'' ती रागातच होती. ''आता नाही,'' म्हणाली आणि रेकॉर्डर बंद केला. दोन्ही त्यात होतं. तिला दोन्ही ठेवायचं होतं. म्हणाली, ''अख्ख्या अल्बमभर मी त्यांना बोल लावलेत काका. माझं ते 'आता नाही' लोकांनी ऐकायला नको?''

ते छाटून टाकलं, कार्डही पुसलं, एवढं मी तिला सांगितलं. तिने विचारलं, ''तुम्हाला तरी ऐकू आला होता ना आवाज?'' तिच्या तोंडाकडे बघून मी हो म्हणालो. कसा होता, विचारलं. मी म्हटलं, मऊ होता. ती म्हणाली, ''हो, मऊच होता. एरवी कधी नसायचा.'' आणि मग जरा शांत झाली, पाणी प्यायली. मला वाटलं, चला, निभावलं.

निभावलं नाही. ती चष्म्याचे नंबर काढणारी बाई आहे, तिचं डोकं सरळ चालतं. तिने धरलं की मी आवाज ऐकला, म्हणजे तो कॉम्प्युटरमध्ये शिरला असणार, म्हणजे डिस्कच्या कुठल्यातरी कोपऱ्यात असणार. गुरुवारी दुपारी दीडच्या सुमारास मी जेवायला गेलो असताना तिने डिस्क काढून नेली. टेबलावर चिठ्ठी होती : 'डिस्क नेतेय. बाबा सापडले की लगेच परत आणते.' चिठ्ठी मी हजर केली आहे. चोर चिठ्ठी ठेवत नाही, हे मी मालकांनाही सांगितलं. त्यांचंही चुकत नाही, डिस्कवर आणखी सहा जणांचं काम आहे.

त्यानंतर ती पुसलेलं परत काढून देणाऱ्या तीन दुकानांत गेली, असं मला कळलं आहे. तिघांनीही हात टेकले. तरी ती डिस्क सोडत नाही, कारण 'काकांनी स्वतः ऐकलंय' हेच धरून बसली आहे.

तरी खरं सांगतो की, मी तो आवाज ऐकलेला नाही. मऊ होता की कसा, मला माहीत नाही. मी थाप मारली. तिने डिस्क नेली ती माझ्या त्या थापेमुळे, म्हणून चोरीचा दोष तिच्यावर ठेवू नये, माझ्यावर ठेवावा. तिला हे तोंडावर सांगायचा मला धीर झाला नाही. दोनदा तिच्या दुकानापर्यंत गेलो आणि डोळे तपासून परत आलो.

जबाब इथे संपला होता, पुढचं माझ्या सांगण्यावरून नंतर जोडलं आहे. हवालदारसाहेबांनी तो मला नियमाप्रमाणे मोठ्याने वाचून दाखवला. गायिकेलाही आजच बोलावलं होतं आणि ती बाहेर बाकावर बसली होती, हे मला ठाऊक नव्हतं. दार उघडं होतं. वाचून झाल्यावर ती आत आली, पिशवीतून डिस्क काढून टेबलावर ठेवली आणि मला एवढंच विचारलं की, मग मऊ कशावरून म्हणालात. त्याचं उत्तर या जबाबात नाही. ते सोडून बाकी मजकूर मी सांगितला तसाच आहे, म्हणून सही करतो.