फाटकाजवळचा काळा दगड

बस गच्च भरली होती. माझ्या शेजारी भूगर्भशास्त्राचे एक सर उभे होते, खांद्यावरच्या पिशवीतून हातोडीचा दांडा डोकावत होता. सोबत त्यांची विद्यार्थिनी.

"सर, काय झालं? मी ओढ्याकडून परत आले तेव्हापासून तुम्ही बोलतच नाही आहात."

"त्या शेतातल्या बाईंचा दगड फोडला मी."

"पण परवानगी घेतली होती ना?"

"फिरायची घेतली होती. फोडायची कुठे विचारली?"

"तुम्हीच तर शिकवता सर. फाटक होतं तसं लावा, पिकातून चालू नका, विचारल्याशिवाय हातोडी काढू नका."

"शिकवतो गं. पण फाटकाजवळ तो काळा दगड दिसला आणि भान सुटलं. त्या भागात तसला खडक औषधालाही सापडत नाही. म्हटलं, हा इथे आला कसा?"

"कसा आला होता?"

"त्यांच्या नवऱ्याने आणला होता, खाणीत कामाला होते तेव्हा. बायकोला संध्याकाळी टेकायला. शेजाऱ्याने सांगितलं, नंतर."

"आणि ते आता..."

"नाहीत. बाई आमच्यासाठी पाणी घेऊन आल्या, तर दगडाचे दोन तुकडे."

"चिडल्या?"

"चिडल्या असत्या तर बरं झालं असतं. पाणी दिलं आणि उभ्याच राहिल्या. म्हटलं, बसा ना."

"मग?"

"म्हणाल्या, 'कुठे बसू?'"

पुढच्या थांब्यावर आमच्यासमोरची सीट रिकामी झाली.

"सर, बसा."

"नको. तू बस."