दोन बोटं

रक्ततपासणीच्या रांगेत म्हाताऱ्याने पुस्तकात डोकं खुपसलं. पण शेजारी शिंपी, त्याची बायको आणि नऊ वर्षांची लेक बोलू लागली आणि पान काही उलटेना.

"मागच्या वेळी डॉक्टर म्हणाले, हिच्या अंगाला इन्सुलिन नीट लागू पडत नाही, वजन वाढलंय. मी म्हटलं, वाढलं कधी? फ्रॉक तर तोच होतोय!"

"मीच उसवून सैल करत होतो. चारदा."

"मला न सांगता?"

"तू पोरीला बोलली असतीस."

"करा लाड! सुई तिलाच टोचतेय."

"म्हणून तर तीन महिने रोज तिच्याबरोबर धावतोय. सरबत मीही सोडलं."

"आजही तेच निघालं तर?"

"आई, बाबांनी काल फ्रॉक पुन्हा उसवला."

"अगंबाई! आणखी?"

"नाही गं आई, आत घेतला. दोन बोटं!"

"अहो, हेही मला न सांगता?"