अर्ध्या तासाचं तीर्थ

खर्रर्र... फुस्स!

ओळखलात आवाज? घर गाढ शांत, बाहेर जेमतेम फटफटतंय आणि मोरीतला नळ खोकतो! आधी नुसती हवा, मग धार. घरातली बाई उठते, घागर लावते, ओंजळ नाकाशी नेते आणि तोंड वाकडं करते — "आलं मेलं औषधाचं पाणी!"

मंडळी, ऐका. आजच्या कीर्तनातला प्रश्न साधा आहे. कुणी देवाचं नाव घेऊन काही मागितलं आणि आपण "नाही" म्हटलं, तर पाप लागतं का? — लगेच माना हलवू नका! पेटीवाले, तुम्हीही नका. आधी मंदाची गोष्ट ऐका.

आसरवाडी नावाचं गाव. तिथल्या ग्रामपंचायतीत मंदा ढोबळे पाणी सोडायच्या कामाला. पहाटे टेकडीवरच्या टाकीशी जायचं. बादलीत ब्लीचिंग पावडर कालवायची, तिच्यातला चुना तळाला बसू द्यायचा, वरची निवळ तेवढी टाकीत ओतायची. मग अर्धा तास थांबायचं. घड्याळ बघून, अर्धा तास! पाणी सोडलं की गावाच्या अगदी टोकाच्या घरी जायचं, नळाचं पाणी काचेच्या नळीत घ्यायचं आणि त्यात तपासणीच्या औषधाचे चार थेंब. पाणी पिवळं झालं, तर औषध, म्हणजे पाण्याचा राखणदार, टोकापर्यंत पोचला. पांढरं राहिलं — तर पाणी एकटंच आलं!

आणि गाव काय म्हणे? शाबास? छे! चहा फाटला — मंदा. डाळ शिजली नाही — मंदा. सुनेचे केस गळले — मंदाच! एक आजी तर म्हणाल्या, "मंदे, आमच्या ह्यांचा खोकला तुझ्या पावडरीने वाढलाय हो!" आणि ते गृहस्थ? दिवसाला दोन बंडलं विड्या! हसताय काय? तुमच्यातही असतील!

मंदा ऐकून ऐकून विटली होती. वाटायचं, एकदा ही बादली यांच्या ओट्यावर नेऊन ठेवावी आणि म्हणावं, घ्या, सांभाळा तुम्हीच.

तशात आला देवीचा उत्सव. मंदिराचे पंच अण्णा खोपडे सकाळी सकाळी दारात. "मंदे, पोरी, तीन दिवस ती पावडर टाकू नकोस. अभिषेकाच्या पाण्याला वास येतो. देवीला चालायचं नाही."

"देवीने सांगितलं तुम्हाला?"

"जीभ फार चालते तुझी!"

"अण्णा, उत्सवाला पाचशे माणूस पाणी पिणार. आणि मी याच तीन दिवसांत औषध बंद करू? नाही जमायचं."

नाही म्हणाली! देवीच्या कामाला! गावभर झालं. "नास्तिक आहे हो बाई." अरे, नास्तिक कशी? रोज टाकीची शिडी चढताना आधी देवळाकडे हात जोडायची!

पण अण्णा हार मानणारे नव्हते. देवळामागे जुनी बारव — पायऱ्यांची विहीर. थंडगार पाणी, काचेसारखं. अण्णा म्हणाले, "हे देवीचं पाणी! तीर्थ यातलंच." वर बांधावर गुरं धुतात, पावसाचं सगळं याच बारवेत उतरतं. ते कुणी बघायचं? काचेसारखं दिसतंय ना! मंडळी, दिसण्यावर आपण सून पसंत करतो, मग पाण्याचं काय!

मंदा धावली. नळी भरली. चार थेंब. पांढरं. पांढरंफटक!

"अण्णा, थांबा. मी निवळ आणते, बारवेत सोडते. फक्त अर्धा तास द्या मला."

"तीर्थात औषध? आणि मुहूर्त काय तुझ्या घड्याळावर चालतो?"

"पोरं रांगेत उभी आहेत हो!"

"मग? आमच्या सात पिढ्या हेच पाणी प्यायल्या."

रांग हसली. कुणी म्हणालं, "मंदाबाईंना देवीसुद्धा पिवळी करायचीय!" पुन्हा हशा. रांगेत मंदाची सहा वर्षांची तनू होती आणि तिच्या पुढे तिची मैत्रीण, शेजारची कस्तुरी. इवलीशी ओंजळ पुढे केलेली.

आता इथं नीट ऐका. मंदाने दोनदा सांगितलं. दोनदा हसले. आणि तिचं डोकं फिरलं. "प्या! प्या बाबांनो, पोटभर प्या!" म्हणाली, तनूचा हात मनगटाशी धरला आणि खेचत घरी घेऊन गेली. पायातली एक चप्पल रांगेतच राहिली पोरीची.

चुकली का मंदा? तुम्ही असतात, तर? कितीदा सांगायचं माणसाने!

तिसऱ्या दिवशी आरोग्य केंद्राचा व्हरांडा भरला. उलट्या, जुलाब. सतरा पोरं, सहा म्हातारी माणसं. अण्णा स्वतः एका खाटेवर, भिंतीकडे तोंड करून! आणि कोपऱ्यात कस्तुरी. डोळे खोल गेलेले, हाताला सलाईन.

— वाचली, वाचली! सोडा श्वास. सगळेच वाचले. पण दोन दिवस तिच्या आईचा श्वास कुठे अडकला होता, ते त्या माउलीला विचारा.

आता गाव म्हणतंय, "मंदे, दोन बादल्या टाक गं औषध!" मंदा म्हणाली, "दोन नाही. लागते तेवढीच. आणि नंतर अर्धा तास." अण्णांनी मान खाली घातली. बारवेलाही आता निवळ पडते, आणि तीर्थ अर्ध्या तासाने वाटतात. देवी काही रुसली नाही!

मिळालं उत्तर? देवाच्या नावाने मागितलं तरी नाही म्हणावं. पण मंडळी, नाही म्हणून घरी निघून जाणं पुरतं का? आपल्या घरी फिल्टर, आपल्या लेकराच्या दप्तरात बाटली, आणि शाळेच्या टाकीचं झाकण कधी उघडून बघितलंय? तुम्ही? तुम्ही? — मीही नाही.

थांबा, टाळ आत्ताच नको. गजर करू, पण आधी एवढं ऐका. त्या व्हरांड्यात मंदा तनूला घेऊन कस्तुरीला बघायला गेली. पोरीने मैत्रिणीच्या सलाईनच्या हाताला हळूच बोट लावलं. मग स्वतःच्या मनगटाकडे बघितलं. आईच्या बोटांचा वळ अजून होता तिथं. आणि तिने विचारलं —

"आई, तू माझा हात धरलास. कस्तुरी तर माझ्या पुढेच होती. तिचा का नाही धरलास?"