जवारीची डिस्क

—तर मग उघडत का न्हाई, वरददादा? व्हिडिओंची नावं तर समदी दिसत्यात की! ही बगा, एकाखाली एक. आन बोट ठिवलं की म्हनतंय, तुमाला परवानगी न्हाई, मालक दुसरा हाय. दुसरा कोन? मालक अजून जित्ता हाय म्हनावं! घरी खाटंवर पडलाय, उजवा हात गेला, जीभ गेली, पर जित्ता हाय. आमचे हे — मौला मिस्त्री म्हनतात समदे — तानपुऱ्याची जवारी काढावी तर यांनीच. तारंखालच्या घोडीवर कानस अशी फिरवायची की तार नुसती वाजत न्हाई, घुमती. आमच्या अजमलनं त्ये समदं मोबाईलवर धरलं, आन बंगळूरला नोकरीवर जाऊन ह्या डिस्कवर भरून पाठवलं.

काय म्हनता? मालक अजमल? त्याच्या कंप्युटरची सिस्टीम निराळी, तुमच्या दुकानातली निराळी, आन ज्याच्या नावानं तितं लिवलं त्याला हितं कुनी वळखत न्हाई — आसं व्हय. त्योबी फोनवर ह्येच सांगत हुता. मला वाटलं थापा मारतोय. लय बोलले, दादा, त्याला. म्हनले, सोता यायचं न्हाई, आन चुलतभावालाबी शिकू द्यायचं न्हाई, कुलूप घालून बसलास व्हय रं? तर म्हनतो, अम्मी, मी कुलूप घातलं न्हाई, पर दुसऱ्या कुनाला दाखवायच्या आधी तू एकटी बघ. आता मी काय बघू त्यात? मला कानशीतलं काय कळतंय, कपाळ!

तुमी करा तुमचं, मी बोलते आपली. शुक्रवारी नमाज झाली की कारखान्याच्या किल्ल्या पुतण्याच्या हातात द्यायच्यात. कष्टाळू हाय पोरगा, भोपळा चांगला कोरतो, पर जवारी आली की हात थांबतो. ह्ये बघून शिकला तर शिकला, न्हाई तर आजेसासऱ्यापास्नं चालत आलेला कारखाना बंद. झोप लागत न्हाई मला. घरात दुसरं हाय कोन? आमची ल्येक सुमैरा — पर ती पोरगी. पोरीच्या जातीला कानस कशाला? उद्या परक्याच्या घरी जायची, आपली जवारी तिकडं घिऊन? आमच्यात न्हाई शिकवत पोरींना. ल्हानपनी लय हट्ट धरला तिनं. मीच उंबऱ्याच्या आत येऊ दिलं न्हाई. हे म्हनायचे, बसू दे की गं. यांचं काय, नुसतं लाड. मी म्हनले, भाकरी शीक आधी. बरं क्येलं का वाईट? बरंच क्येलं. — आन गंमत सांगते, हल्ली दुरुस्तीला आलेला तानपुरा सकाळी बघावं तर आपोआप बोलाय लागल्याला असतो. पुतण्या म्हनतो, चाची, म्या हात लावला न्हाई. मी म्हनते, हवा पालटली असंल.

झालं? बदलला मालक? यवढ्यात? आन पोराला मी काय काय बोलले... लावा की मग, मोठ्यानं लावा —

या अल्ला. ह्यांचा आवाज. पावसाळ्याच्या आधीपास्नं ऐकला न्हाई, दादा. रडू द्या मला, तुमी चालू ठिवा.

पर ह्यो हात कुनाचा? अजमलचा न्हाई. हिरव्या बांगड्या... ईदला मीच भरल्या हुत्या. सुमी! कानस तिच्या हातात! मागं घ्या, मागं घ्या. काय म्हनाले हे? "अम्मी बाजारातनं यायच्या आत यवढी तार बोलली पायजे." आन हसत्यात. फोन धरल्याला अजमलबी हसतोय, ऐका. — दुसरी लावा. हितंबी तीच. अजून एक लावा... तीच की. घुमतीया, दादा. डिट्टो यांच्यावानी घुमतीया. तुमाला ऐकू येतंय न्हवं?

बस. बंद करा. न्हाई, पानी नको मला. पुतण्या यील आता हितं, त्याला सांगा, उघडलं न्हाई म्हनून — न्हाई, खोटं कशाला? सांगा, चाची घरी गेली, शुक्रवारी किल्ल्या न्यायला येऊ नको. द्या हिकडं ती डिस्क. पोरगी भाकऱ्या थापत बसली असंल.