भिंतीतली लाल ज्वारी

जैनथहून शाळेला जाताना बसमध्ये माझ्या पुढच्या सीटवर एक काका-काकू बसले होते. त्यांचं बोलणं कानावर पडलं आणि मी पुस्तक मिटलंच!

"अवो, अजून अंगावर काटा हाय माह्या. काल सकाळी जिप्समची शीट लावाले मिस्त्रीनं भिंतीत ड्रिल घातलं अन् भसाभस ज्वारी सांडली!"

"मले तं वाटलं, जुना गिलावाच पडून राह्यला."

"गिलावा लाल असते का? तुमच्या बाबानं भिंतीतलं धान्याचं बळद भरलं, वरून लिपलं, अन् कोणाले सांगितलंबी नाई!"

"आपल्या लग्नाच्या साली कपाशी लावली ना त्यायनं. इसरले असन."

"तेच लाल बी मी गावोगाव इचारत फिरली. कुटंच उरलं नाई."

"आता मेलं असन ते. आज शीट लागू दे, पावणे येऊन राह्यले."

"एकडाव शीट लागली का बळद कायमचं बंद. मंग?"

"दाण्यासाटी मिस्त्री बसवून ठेवू? लोकं हसतीन."

"हसू द्या. मी मूठभर भिजवून सोबतच घेतले."

"बसमदी? देवा रे!"

काकूंनी मांडीवरचं ओलं फडकं उलगडलं. मी तर उभीच राहिले! बाकीचे दाणे तसेच होते, पण एकाला केसाएवढा पांढराशुभ्र कोंब फुटला होता.

काका त्या कोंबावर वाकले. मग काकांनी फोन लावला.

"मिस्त्री, त्या भिंतीले हात लावू नोको. काऊन म्हंजे? अरे बाप्पा, जित्ती हाय ते!"