सुटं ॲप

सुहास : म्हणून म्हटलं मारुतीआप्पा, आधी तुमचा माइक बघून घेऊ. चार महिने तुमच्या फोनवरून आवाजच जात नाही.

मारुतीराव : माइकाला काय धाड भरल्या? चांगला हाय.

सुहास : अनगोळच्या ऑफिसात बसून आम्हाला ॲपचं सगळं दिसतं की. रोज दुपारी चारला कॉल. कधी अडीच मिनिटं, कधी तीन. आवाज शून्य.

मारुतीराव : बोललेलं ऐकू येतंय तुला?

सुहास : छे! कॉल किती वेळ आणि माइक चालू की बंद, तेवढंच कळतं.

मारुतीराव : मग बंदच हाय. मीच करतो.

सुहास : आणि समोरचा माणूस?

मारुतीराव : माणूस न्हाय. सौम्या, माझी लेक. ती बोलती. मी म्हस दावतो.

सुहास : तुम्ही का बोलत नाही मग?

मारुतीराव : दोन वर्सांमागं तिनं आपल्या मनानं लगीन केलं. भाऊकीनं देवळात माझ्या हातात भंडारा देऊन शपथ घातली. तिच्याशी बोलणार न्हाय, तिचा उंबरा चढणार न्हाय, तिच्या हातचं खाणार न्हाय. तीन. बघणार न्हाय, हे म्हणवून घ्यायचं इसरली मंडळी.

सुहास : वकिलाला लाजवलंत, आप्पा.

मारुतीराव : दात काढू नगो. अनगोळातनं हितवर काय माइक बघायला आलतास?

सुहास : नाही. जनावर डॉक्टरला दाखवायचं हे आमचं पिवळं व्हिडिओ ॲप बंद होतंय. गावात अकरा जणांना वापरून बघायला दिलतं. पण असं सुटं ॲप तुमच्याशिवाय कुणी उघडतच नाही. म्हणून तेच आता दूध संस्थेच्या ॲपच्या आत बसवलंय. दूध किती, फॅट किती बघता ना, त्याच्याच खाली बटण. दाबलं की जनावरांचा डॉक्टर.

मारुतीराव : बरं झालं. त्यातनंच सौम्याला लावतो.

सुहास : सुट्यातून कुणालाही लागायचा, आतून फक्त डॉक्टरलाच लागतो.

मारुतीराव : मग तिला डॉक्टर म्हणून घाल की. रेडकू आडवं आलतं तवा कोपरापतोर हात घालून तिनंच काढलंतं.

सुहास : डिग्री लागते, आप्पा. शिवाय त्यात माइक बंद करता येत नाही, डॉक्टरला ऐकू जायला पाहिजे. आणि कुणी कधी कॉल केला, ती यादी संस्थेच्या सेक्रेटरीला दिसणार.

मारुतीराव : म्हंजे मष्णूला?

सुहास : मष्णूअण्णांना, हो.

मारुतीराव : भंडाऱ्याचं ताट त्यानंच धरलंतं.

(गोठ्यात म्हैस शेण टाकते.)

सुहास : व्हॉट्सॲपवर करा की.

मारुतीराव : माझा फोन पुतण्यांसकट सगळी चाळत्यात. पिवळ्यात म्हशीचं औषध असंल म्हणून कुणी हात लावत न्हाय.

सुहास : मग मी तिला फोन करून सांगू?

मारुतीराव : काय सांगशील? बानं म्हस दावायची बंद केली म्हणून?

सुहास : आप्पा, एका माणसासाठी सुटं ॲप चालू ठेवता येत नाही. ऑफिसात मी आणि शाल्मली, दोघंच आहोत. दोन्ही सांभाळायला होत नाही.

मारुतीराव : मी कुठं ठेव म्हटलो? कवा बंद?

सुहास : तीस तारखेला.

मारुतीराव : आज किती?

सुहास : बारा.

मारुतीराव : व्हय.

सुहास : आप्पा, रागावलात?

मारुतीराव : न्हाय रं. तिचं पोरगं आठ म्हयन्याचं झालं. खालचं दोन दात आल्यात. काल दातावर चमचा वाजवून दावलं तिनं.

सुहास : अरे वा.

मारुतीराव : वरचं किती दिसांनी येत्यात?

सुहास : मला काय अनुभव? माझं अजून लग्नच नाही.

मारुतीराव : तीस तारखेच्या आत येतील व्हय?