बिचारा ड्रायव्हर

सिनेमा सुटल्यावर पार्किंगच्या रांगेत माझ्या पुढे एक नवरा-बायको उभे होते.

“शेवट आधी दाखवला आणि सुरुवात शेवटी. डोकं भणभणलं बाई! मला तर तो ड्रायव्हरच खुनी वाटला.”

“सगळ्यांनाच वाटतो. पहिल्याच सीनला रक्ताचा चाकू धुतो ना. बहिणीला वाचवत होता, हे अगदी शेवटी कळतं.”

“मागचं कळलं की तोच माणूस वेगळा दिसतो, नाही?”

“तीच तर गंमत आहे.”

“मग तो चाकू धूत होता, तेव्हा तुम्ही ‘बिचारा’ का म्हणालात?”

“मी? अगं, चेहराच तसा होता त्याचा.”

“कपाट उघडलं तेव्हा अख्खं थिएटर दचकलं. तुम्ही निवांत पॉपकॉर्न खात होतात.”

“तू सिनेमा बघत होतीस की मला?”

“आधी सिनेमाच बघत होते.”

“म्हणजे मी हा आधीच पाहिलाय, असं म्हणायचंय तुला?”

“मी कुठे म्हणाले? तुम्हीच म्हणालात.”

“चल, रांग सरकली.”

“सरकू दे. शनिवारी ऑफिसच्या कामाला म्हणून दिवसभर बाहेर होतात ना, तो शनिवार सांगा आता. कुठूनही सुरुवात करा, क्रम मी लावते.”